३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी: गोव्यातल्या घरासाठी कोणता घ्यावा, आणि पावसात पडला तर दोष कुठे शोधावा

निकाल आधी सांगतो: घ्यावाच. घरच्या डीबीत, म्हणजे खटक्यांच्या पेटीत, एकच गोष्ट नव्याने बसवता येणार असेल, तर ती ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळायला लागला की वीज तोडणारा खटका, असावी. स्टॅबिलायझर, महागडे स्विच, शोभेचे दिवे हे सगळं त्यानंतर. पण घराला एक घेतला, मेनवर बसवला आणि विषय संपला, असं केलं तर मिरगाच्या पहिल्या पावसात तो पडायला लागतो. दिवसातून दोनदा पडतो, मग चारदा. चवथ जवळ आलेली असते, घरात माणसं येणार असतात, आणि कोणीतरी येऊन त्याला बायपास करून जातो. पुढची कित्येक वर्षं तो डीबीत नुसता बसून असतो. म्हणून इथे वस्तूइतकंच ती बसवण्याबद्दलही लिहिलं आहे.

आरसीसीबीचं काम एका हिशेबावर चालतं. आत एक लोखंडी गाभ्याचं कडं असतं आणि फेज व न्यूट्रल या दोन्ही तारा त्यातून जातात. फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात आणि कडं गप्प राहतं. गेलेल्या करंटपैकी थोडासा माणसाच्या अंगातून, ओल्या भिंतीतून किंवा गिझरच्या पत्र्यातून जमिनीत निसटला, की हिशेब जुळत नाही. कड्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत करंट उमटतो, त्याने रिले सुटतो आणि खटका पडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात.

३० मिलिअँपिअर म्हणजे ०.०३ अँपिअर. पंधरापर्यंतच्या गळतीला तो पडता कामा नये, तिसाला पडलाच पाहिजे. त्यामुळे प्रत्यक्षात बहुतेक चांगले नग वीस-पंचवीसच्या आसपास पडतात. वेळेची मर्यादाही ठरलेली आहे: तिसाच्या गळतीला ३०० मिलिसेकंदांच्या आत, पाचपट म्हणजे १५० मिलिअँपिअरला ४० मिलिसेकंदांच्या आत. ओल्या अंगाचा माणूस साधारण हजार ओहमचा धरला तर २३० व्होल्टला त्याच्या अंगातून २३० मिलिअँपिअर जाईल. म्हणजे खटका त्या ४० मिलिसेकंदांत पडायला हवा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आरसीसीबी असला तरी शॉक बसतो, चांगला सणसणीत बसतो. हृदयाची लय बिघडायला जितका वेळ करंट वाहावा लागतो, तितका वेळ हे यंत्र त्याला मिळू देत नाही.

एमसीबी, म्हणजे जादा करंट गेला की पडणारा खटका, आहे ना, मग हे कशाला, असं बरेच जण विचारतात. उत्तर गोव्याच्या जमिनीत आहे. आपल्याकडे घराचं अर्थिंग म्हणजे अंगणात किंवा भाटात पुरलेला पाइप. आयएस ३०४३ या भारतीय मानकाप्रमाणे हा ४० मिलिमीटर व्यासाचा, किमान अडीच मीटर लांबीचा, भिंतीपासून दीड मीटर तरी दूर असावा. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्याच्या, जमिनीत अडीच मीटर खोल जायचं म्हणजे चिरा फोडायचा, म्हणून कित्येक ठिकाणी काम मीटरभरावर थांबतं. शिवाय जांभा पावसाळ्यात भिजलेला असतो तेव्हा करंट बऱ्यापैकी वाहून नेतो, पण एप्रिल-मेमध्ये वाळला की त्याचा रोध चढतो. जुलैत चांगला आकडा दाखवणारं अर्थिंग मेमध्ये तसं राहत नाही. म्हणून अर्थिंग मोजायचंच तर मेच्या शेवटी मोजावं.

आता धरा, अर्थिंगचा रोध २० ओहम आहे आणि गिझरचा एलिमेंट फुटून फेज थेट पत्र्याला लागली. जमिनीत जाणारा करंट होईल २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. गिझरच्या लाइनवर २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी आहे. त्याला ताबडतोब पडायला पाचपट ते दहापट, म्हणजे १०० ते २०० अँपिअर लागतात. साडेअकरा अँपिअर त्याच्या दृष्टीने नेहमीचं ओझं. तो उभाच राहणार, आणि गिझरचं अंग, त्याला जोडलेला नळ, शॉवरची लोखंडी नळी हे सगळं जवळजवळ २३० व्होल्टवर तसंच राहणार. किटकॅट फ्यूज असेल तर तीच गत. एमसीबी तारेला वाचवतो. माणसाला वाचवणं हे त्याचं काम नाही आणि आपल्या जमिनीत ते त्याला जमतही नाही.

याच घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असता तर? पत्र्यावर ५० व्होल्टच्या वर दाब टिकू नये यासाठी अर्थिंग १,६६६ ओहमपर्यंत वाईट असलं तरी चालतं, कारण ०.०३ गुणिले १,६६६ म्हणजे ५०. न्हाणीसारख्या ओल्या जागेसाठी २५ व्होल्टची मर्यादा धरली तरी ८३३ ओहम. वाळलेल्या चिऱ्यातलं अर्धवट अर्थिंगसुद्धा यात बसतं. अर्थिंग वाईट ठेवा असा याचा अर्थ नाही. पण अर्थिंग मनासारखं होणं जिथे कठीण, तिथे या वस्तूइतकं मोल दुसऱ्या कशाला नाही.

खरेदीकडे वळू. म्हापशाच्या किंवा मडगावच्या बाजारात अजून बरेच जण ईएलसीबी या जुन्या नावाने मागतात आणि दुकानदार बरोबर आरसीसीबीच काढून देतो. नावावर अडू नका, नगाच्या तोंडावर काय छापलंय ते वाचा. आय, त्रिकोण आणि एन या खुणेपुढे ०.०३ अँपिअर किंवा ३० मिलिअँपिअर असायलाच हवं. १०० किंवा ३०० असेल तर तो आगीपासून बचावासाठी आहे, माणसासाठी नाही. काही फ्लॅटमध्ये बिल्डरने १०० चा बसवलेला सापडतो आणि घरचे निर्धास्त असतात. आज डीबीचं झाकण उघडून एवढा एक आकडा बघून घ्या.

दुसरा आकडा २५, ४० किंवा ६३ अँपिअरचा. हा पडण्याचा आकडा नाही. आतले काँटॅक्ट सतत किती करंट सोसतात तेवढंच तो सांगतो. पुढच्या, म्हणजे मेनच्या बाजूच्या, एमसीबीपेक्षा तो कमी नसला म्हणजे झालं. पाच किलोवॅटच्या सिंगल फेज कनेक्शनला करंट बावीस अँपिअरच्या आसपास येतो. त्याला ३२ चा मेन एमसीबी आणि ४० चा आरसीसीबी ही जोडी बरोबर. शॉर्ट सर्किट आणि जादा लोड आरसीसीबीला कळतच नाही. त्याच्या जोडीला एमसीबी हवाच, नाहीतर तो स्वतःच जळेल.

तिसरी खूण टाइपची. चौकटीत नुसती साइन लाट असेल तर टाइप एसी. लाटेखाली अर्ध्या लाटांची आणखी एक ओळ असेल तर टाइप ए. आमचा आग्रह टाइप ए चा आहे. इन्व्हर्टर एसी, नव्या वॉशिंग मशीन, इंडक्शन शेगडी, एलईडीचे ड्रायव्हर या सगळ्यांत आत डीसी तयार होतो. त्यांच्यातून होणारी गळती शुद्ध साइन लाटेची असेलच असं नाही, आणि टाइप एसीचं कडं अशा गळतीला बधिर होऊ शकतं. म्हणजे पडायच्या वेळी तो पडत नाही. टाइप ए ६ मिलिअँपिअरपर्यंतचा सपाट डीसी अंगावर घेऊनही काम करतो. घरी इलेक्ट्रिक गाडीचा भिंतीवरचा चार्जर बसवणार असाल तर त्याला वेगळी लाइन आणि वेगळं संरक्षण लागतं. चार्जरमध्येच ६ मिलिअँपिअरचा डीसी ओळखण्याची सोय असेल तर टाइप ए, नसेल तर टाइप बी. छतावर सोलर असेल तर त्या इन्व्हर्टरच्या पुस्तिकेत कोणता टाइप लिहिलाय ते पाहिल्याशिवाय काही घेऊ नका.

आयएस १२६४० भाग १ हा आरसीसीबीचा आणि भाग २ हा आरसीबीओचा मानक क्रमांक. तो आणि आयएसआयची खूण नगावर असतात. खुणेजवळचा परवाना क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून बघता येतो, त्याला दोन मिनिटंही लागत नाहीत. लेग्रँड, श्नायडर, सीमेन्स, हॅगर, एबीबी, हॅवेल्स या नेहमीच्या नावांमध्ये घरगुती वापरासाठी जीव तोडून निवड करावी असा फरक नाही. आधी एल अँड टी म्हणून मिळणारा स्विचगिअर आता लॉरिट्झ नुडसन नावाने येतो, तोही याच रांगेतला. कंपनीपेक्षा टाइप, आकडा आणि पक्कं बिल महत्त्वाचं. दोन पोल, ४० अँपिअर, ३० मिलिअँपिअरचा नग बाजारात साधारण दोन-तीन हजारांच्या घरात मिळतो, टाइप ए थोडा वर जातो. याच्या निम्म्या किमतीत कोणी देऊ करत असेल तर परवाना क्रमांक तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता मुख्य मुद्दा: किती घ्यायचे. घराला एकच आरसीसीबी ही रचना गोव्यात चालत नाही असं आमचं ठाम मत आहे. कारण सरळ आहे. प्रत्येक उपकरण थोडी गळती करतंच. फिल्टर असलेला संगणक मिलिअँपिअरभर, इन्व्हर्टर एसी दोन-तीन, त्यात ओल धरलेल्या भिंतीतल्या तारा. या नेहमीच्या गळतीची बेरीज आरसीसीबीच्या आकड्याच्या तीस टक्क्यांवर, म्हणजे ९ मिलिअँपिअरवर जाऊ नये असा दंडक आहे. पावसाळ्यात सगळ्या घराची बेरीज पंधरावर सहज पोचते. मग फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होण्याचा किंवा लांबवर वीज कडाडल्याचा झटकासुद्धा त्याला पाडायला पुरतो. यंत्र बिघडलेलं नसतं. त्याच्या एकट्याच्या गळ्यात सगळं घर बांधलेलं असतं.

म्हणून वाटणी करा. पैसे असतील तर प्रत्येक महत्त्वाच्या लाइनला आरसीबीओ लावा, म्हणजे एमसीबी आणि आरसीसीबी एकाच नगात. दोन पोलचाच घ्या, न्यूट्रलही तुटणारा. गिझरला एक, स्वयंपाकघराच्या सॉकेटना एक, वॉशिंग मशीनला एक, विहिरीवरच्या पंपाला आणि बाहेरच्या दिव्यांना स्वतंत्र एकेक. फ्रिजला वेगळाच द्या, विशेषतः घर महिनोन्महिने बंद राहत असेल तर. बाहेरच्या दिव्यात पाणी शिरलं म्हणून आतला फ्रिज बंद पडू नये. सगळ्यांच्या पुढे मेनवर १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा, एस टाइपचा, म्हणजे मुद्दाम थोडा उशिरा पडणारा आरसीसीबी बसवला तर रचना पूर्ण होते. खालचा आधी पडतो, वरचा उभा राहतो.

इतकं जमत नसेल तर किमान दोन आरसीसीबी: एक आतल्या कोरड्या भागाला, दुसरा न्हाणी, पंप, बल्काव (घराचा पुढचा ओटा) आणि अंगण या ओल्या भागाला. चवथीत माटोळीभोवतीची रोषणाई, दिवाळीचा आकाशकंदील, नाताळचं बल्कावावर टांगलेलं नक्षत्र या सगळ्या तात्पुरत्या तारा याच दुसऱ्या भागातल्या सॉकेटवरून घ्या. अशा तारांचे जोड उघडे असतात आणि हात लावणारी बहुधा लहान मुलं असतात.

डीबीत जागा आहे का ते आधी मोजा. दोन पोलचा नग दोन मॉड्यूल, म्हणजे ३६ मिलिमीटर खातो. जुन्या घरांत मीटर आणि डीबी बाहेर, बल्कावाच्या भिंतीवर असतात. तिथे आयपी ६५ ची, म्हणजे धूळ-पाणी आत न जाऊ देणारी, झाकणाची पेटी घ्या आणि केबल खालून आत आणा. वरून आणली की पाणी तारेवरून ओघळत थेट आरसीसीबीच्या डोक्यावर येतं. किनाऱ्याजवळच्या गावांत खाऱ्या वाऱ्याने तांब्यावर हिरवट थर चढतो, स्क्रूखालची पकड ढिली होते आणि टर्मिनल तापून प्लास्टिक तपकिरी पडतं. तार नीट सोलून, मल्टिस्ट्रँड असेल तर टोकाला फेरूल (धातूची छोटी नळी) दाबून, नगावर लिहिलेल्या टॉर्कने घट्ट करायची. साधारण २ ते २.५ न्यूटन-मीटर लागतो. नुसत्या हाताच्या अंदाजाने तो क्वचितच साधतो.

बसवताना सगळ्यात जास्त चूक होते ती न्यूट्रलची. जितके आरसीसीबी तितक्या न्यूट्रल लिंक, म्हणजे न्यूट्रल तारा एकत्र जोडायच्या पट्ट्या, हव्यात. पहिल्या आरसीसीबीच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्याच्या लिंकवर गेला तर पंखा लावताक्षणी दोन्ही पडतात, कारण एकाचा करंट गेला आणि परत आला दुसऱ्यातून. जिन्यातल्या दोन स्विचच्या दिव्यात हे हटकून सापडतं: फेज खालच्या मजल्यावरची, न्यूट्रल वरच्या मजल्यावरचा. जुन्या घरात सगळे न्यूट्रल एकाच लिंकवर बांधलेले असतात. त्यामुळे आरसीसीबी वाढवण्याचं खरं काम म्हणजे कोणता न्यूट्रल कोणत्या फेजचा हे एकेक करून शोधणं. त्याला अर्धा दिवस लागतो. तासाभरात करून देतो म्हणणाऱ्याने हे केलेलं नसतं.

घरच्या इन्व्हर्टरचंही तसंच. इन्व्हर्टरवर चालणाऱ्या दिवे-पंख्यांची फेज इन्व्हर्टरमधून येते आणि न्यूट्रल मात्र सरसकट घराच्या लिंकवरून घेतलेला असतो. लाइट गेली की आरसीसीबी पडतो किंवा आल्यावर पडतो अशी तक्रार असेल तर शंभरातल्या बहुतेक वेळा कारण हेच. इन्व्हर्टरच्या आउटपुटला स्वतःचा आरसीसीबी आणि स्वतःची न्यूट्रल लिंक द्या. नाहीतर लाइट गेल्यावर, म्हणजे अंधारात आणि पावसात, नेमक्या त्या लाइनना संरक्षण राहत नाही.

आता पावसात पडणाऱ्या आरसीसीबीचा शोध. घरच्यांनी करायचं ते आधी. सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा. उभा राहिला तर एमसीबी एकेक वर करत जा, ज्याला पडेल ती लाइन संशयित. त्या लाइनवरच्या उपकरणांच्या नुसत्या स्विचवर भरवसा ठेवू नका, सगळे प्लग सॉकेटमधून उपसून काढा. घरातला स्विच फक्त फेज तोडतो. न्यूट्रल उपकरणाला जोडलेलाच राहतो आणि गळती न्यूट्रलमधूनही होते. प्लग काढल्यावर उभा राहिला तर एकेक प्लग परत लावून पाहा. दोषी बहुधा ठरलेले असतात: गिझर, फ्रिजचा डिफ्रॉस्ट हीटर, वॉशिंग मशीन, जुना मिक्सर.

गिझरबद्दल थोडं अधिक, कारण बंद घरांत हे दरवर्षी होतं. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी भरलेली असते आणि ती हवेतली ओल शोषते. घर चार महिने बंद राहिलं, टोकाचं सील जुनं झालेलं असलं, की पहिल्यांदा सुरू करताच आरसीसीबी पडतो. तांत्रिकाकडून एलिमेंट काढून वाळवून घेतला तर कधी कधी तो परत चालतो. वाळवूनही मेगरवर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरवर, पुरेसा आकडा येत नसेल तर एलिमेंट बदलायचा. आरसीसीबी वगळून गिझर चालवून बघायचा नाही, एकदाही नाही.

सगळे एमसीबी खाली असतानाच आरसीसीबी उभा राहत नसेल, किंवा कारण नसताना संध्याकाळी सात ते दहाच्या सुमाराला पडत असेल, तर संशय न्यूट्रलवर घ्या. कुठेतरी न्यूट्रल जमिनीला लागलाय. शेजारपाजारचा लोड वाढला की न्यूट्रलवर थोडा दाब चढतो आणि त्या स्पर्शातून करंट जमिनीत जातो. एक पोलचा एमसीबी खाली करून ही लाइन सुटत नाही, म्हणून कितीतरी वायरमन इथे चकतात, सगळं तपासलं, आरसीसीबीच खराब असं सांगतात, आणि नवा नगही दुसऱ्या दिवशी पडतो. खरी पद्धत अशी: मेन बंद, टेस्टरने आणि मीटरने लाइन मेली आहे याची खात्री, मग लिंकवरचे न्यूट्रल एकेक सोडवून प्रत्येकाचा जमिनीशी रोध ५०० व्होल्टच्या मेगरने मोजायचा. टीव्ही, राउटर, एलईडी दिवे आधी काढून ठेवायचे, नाहीतर मेगर त्यांना मारतो. एक मेगाओहमच्या खाली आकडा आला ती लाइन दोषी. हे काम परवानाधारक माणसाचं आहे, घरच्यांनी डीबीच्या आत हात घालू नये.

गळती मोजणारा क्लॅम्प मीटर असलेला इलेक्ट्रिशियन मिळाला तर अर्धं काम तिथेच होतं. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा एकत्र जबड्यात धरायच्या, मिलिअँपिअरमध्ये येणारा आकडा म्हणजे त्या लाइनची चालू गळती. नेहमीचा मोठा क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही, त्याला इतका बारीक करंट दिसत नाही.

गोव्यात आम्ही आधी बघतो त्या जागा: फाटकावरची बेल, कुंपणाच्या भिंतीवरचे दिवे, पंपाच्या केबलवर नुसती टेप गुंडाळून केलेला जोड, कौलातून गळणाऱ्या पाण्याखालचा सीलिंग रोझ, आणि मातीच्या किंवा चिऱ्याच्या जाड भिंतीत बसवलेल्या लोखंडी स्विच पेट्या. पेटी उघडली की आत मुंग्यांचं वारूळ किंवा मेलेली पाल सापडते, दोन टर्मिनलांच्या मध्ये. पंपाचा जोड राळ ओतून सील करणाऱ्या किटने करायचा. टेपचा जोड एक पावसाळा काढतो, दुसरा क्वचितच.

विजा कडाडताना पडत असेल तर सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण, कुठे बसवलाय ते बघा. तो आरसीसीबीच्या मागे, घराच्या बाजूला असेल तर त्याने जमिनीत सोडलेला प्रत्येक झटका आरसीसीबीला गळती वाटतो. तो आरसीसीबीच्या पुढे, मेनच्या बाजूला घ्यायचा, आणि स्वतःचं अर्थिंग असलेल्या घराला एक अधिक एक रचनेचा, म्हणजे न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये गॅस ट्यूब असलेला. तरीही पडत असेल तर झटके सोसणारे टाइप ए चे खास नग येतात, लेग्रँडमध्ये एचपीआय, श्नायडरमध्ये एसआय. दुकानात तयार नसले तर मागवून घ्या. बंद घरातल्या फ्रिजच्या लाइनला हे जादा पैसे देण्यासारखे आहेत.

आरसीसीबीला जे जमत नाही तेही ठाऊक असावं. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरला आणि पायाखाली कोरडं लाकूड असेल, तर गेलेला करंट सगळा परत येतो, हिशेब जुळतो आणि तो पडत नाही. ढिल्या जोडाची ठिणगी त्याला दिसत नाही. थ्री फेज घरात वादळात न्यूट्रल तुटला तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो आणि आरसीसीबी शांत राहतो. त्यासाठी व्होल्टेज वाढला-घटला की लाइन तोडणारं वेगळं उपकरण लागतं. याच कारणाने आरसीसीबीही व्होल्टेजवर अवलंबून नसलेला, म्हणजे गळतीच्याच ताकदीवर पडणारा घ्या. इलेक्ट्रॉनिक प्रकाराला पडण्यासाठी पुरवठा लागतो, आणि मेनच्या बाजूला न्यूट्रल तुटला की तो आंधळा होतो पण फेज मात्र घरात येतच राहते.

नगावरचं टी बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आत ते एका रोधातून कड्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तारा जोडून खोटी गळती तयार करतं. म्हणजे यंत्रणा हलते का एवढंच त्यातून कळतं, अर्थिंग चांगलं आहे का ते नाही. अर्थिंग अजिबात नसलेल्या घरातही टी बटण चालतं. खाऱ्या हवेत ही महिन्याची सवय आणखी महत्त्वाची, कारण वर्षानुवर्षं न हललेली स्प्रिंग अडकते. दाबताना एक गोष्ट हटकून बघा: दांडा पडल्यावर घरातले दिवे खरोखर गेले का. दांडा पडला आणि दिवे तसेच चालू राहिले तर त्याला कोणीतरी बायपास केलेलं आहे. थ्री फेजचा चार पोली नग सिंगल फेजवर वापरला असेल तर टी बटण विशिष्ट दोन पोलांमध्येच काम करतं. बाजूला छापलेली आकृती बघूनच तारा लावायच्या.

नवीन काम करून घेतलं की तीन आकडे कागदावर मागा: प्रत्येक लाइनचा मेगरचा रोध, अर्थिंगचा ओहममधला आकडा, आणि आरसीसीबी टेस्टरने मोजलेली पडण्याची वेळ, किती मिलिअँपिअरला किती मिलिसेकंद. ज्याच्याकडे टेस्टर आहे तो हे दहा मिनिटांत लिहून देतो.

टी दाबूनही दांडा पडला नाही तर आधी पुरवठा चालू आहे ना ते पाहा, कारण लाइट नसताना हे बटण काम करत नाही. पुरवठा असून पडत नसेल तर नग बदलायचा, त्याची दुरुस्ती होत नाही. नवा येईपर्यंत गिझर, पंप आणि बाहेरचे दिवे यांचे एमसीबी खाली ठेवा, आणि वॉशिंग मशीनचा प्लग काढून ठेवा.